खडक वाळेपर्यंत

रात्री पाऊस झाला, म्हणून आज चढायचं नाही.
एडेलट्राउटबाईंनी खडकाला तळहात लावला,
पोराचा ताप बघतात तसा,
आणि म्हणाल्या, "आजारी आहे.
ओला वालुकाश्म भिडेपोटी वजन झेलतो
आणि मग मोडतो.
मोडलेली पकड पुन्हा उगवत नाही."

एल्बेच्या काठावर आम्ही तिघं शिकाऊ.
वेंके, चौदा वर्षांची, नुसते गुडघे आणि कोपरं;
झिल्व्हिओ, ड्रेस्डेनच्या ट्रामचे ब्रेक दुरुस्त करणारा;
आणि मी, पिर्ना गावचा पाववाला.
सव्वीस वर्षं कणीक तिंबून दंड असे झालेले
की वाटायचं, कडा चढायचा कशाला,
ओढून खालीच आणावा.

बाईंनी बूट काढायला लावले.
पाइनच्या सुयांवर, गार वाळूवर
तासभर नुसतं उभं राहायचं.
एका पायावर. मग दुसऱ्या. मग डोळे मिटून.
"वजन कुठे आहे?"
"पोटात," झिल्व्हिओ म्हणाला,
आणि कुणी हसलं नाही, कारण ते बरोबर होतं.

मग आडव्या पडलेल्या खोडावर
आवाज न करता पाऊल.
वेंकेचं पाऊल म्हणजे मांजर.
माझं, पिठाचं पोतं.
थप्.
"पुन्हा."
थप्.
"तुम्ही पाय टाकता. टाकतात तो कचरा.
पाय ठेवायचा असतो."

गुरुवारी खडक बरा झाला.

इथं हाताला खडूची भुकटी लावत नाहीत,
फटीत लोखंड खुपसत नाहीत.
दोराची गाठ वळायची,
लाकडी पट्टीनं कपारीत दामटायची
आणि ती धरेल असं समजून पुढं जायचं.
बाई आधी गेल्या. वय एकाहत्तर.
वाळूचा एक कण खाली आला नाही.
वरून त्यांचा दोर आला, मग त्यांचा आवाज:
"या."

मी ओढलं. अर्थात ओढलं.
चार हात वर गेलो तोवर मनगटं लाकूड झाली,
बोटं माझी न राहता एकेक उघडायला लागली.
वरची खाच वीतभर लांब,
आणि ती वीत काही केल्या संपेना.

"कोपरं सरळ करा. लटका."
लटकलो.
"अरुंद दारातून सामान नेताना काय करता?"

बेकरीचं मागचं दार.
पहाटे तीन वाजता, दोन्ही हातांत पावांचा ट्रे.
सव्वीस वर्षं मी त्या दाराशी
न ठरवता तिरका होतो आहे.
कंबर वळली. उजवी बाजू खडकाला टेकली,
पावाच्या कडेएवढ्या जाड एका रेघेवर
पाय ठेवला गेला,
गुडघा सरळ झाला,
आणि हात, काहीच न करणारा हात,
खाचेत जाऊन बसला.

खालून वेंके काहीतरी ओरडली.
मला इतका आनंद झाला की पुढचा पाय टाकला.
थप्.
दोर ताणला, मी हवेत, नाक खडकाला घासून.
वर बाई एवढंच म्हणाल्या,
"ऐकू आलं."

माथ्यावर पत्र्याच्या पेटीत वही असते.
बाईंनी तारीख घातली, आमची नावं लिहिली,
पेन्सिलीला टोक काढलं, पेटी लावली.
पडल्याचं काही लिहिलं नाही.
झिल्व्हिओनं माझ्याच बेकरीचे पाव काढले,
कालचे, कडक. सगळ्यांनी खाल्ले.

शुक्रवारी पहाटे
दंड उचलवत नव्हते,
म्हणून कणीक मी टाचांपासून तिंबली:
पाय, मग कंबर, मग खांदा, हात सगळ्यात शेवटी.
दारातून ट्रे नेताना थांबलो,
मागं गेलो, मुद्दाम पुन्हा एकदा तिरका झालो.

सात वाजता कुंत्स्शमनआजी आल्या, पाव दाबून पाहिला.
वेगळा लागेल, मी म्हणालो.
त्यांनी तिथंच एक तुकडा मोडला.
"छे," म्हणाल्या, "नेहमीसारखाच आहे,"
आणि नेहमीसारखे चार घेतले.